बादलला कोणी नेलं

सफरीच्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या दिवशी पहाटे धुळ्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या अंगणात तेरसिंग पावरा सायकलच्या चाकात हवा भरत होता. बाकी पंचवीस जणांच्या सायकली गिअरच्या, हलक्याफुलक्या. त्याची एकट्याची बावीस इंची, काळी, मागे लोखंडी कॅरिअर असलेली. पहिल्या दिवशी तिला बघून काही जण हसले होते. आता मात्र निघण्याआधी तिच्या कॅरिअरला हात लावल्याशिवाय कोणी पायडल मारत नसे.

हितेंद्र चौधरी हात चोळत त्याच्याजवळ आला. जळगावात त्याचं औषधाचं दुकान होतं आणि ही सफर त्याच्याच डोक्यातून निघालेली. सातपुड्याच्या पायथ्यापायथ्याने जायचं, गावोगाव सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची माहिती द्यायची, पोरांचं रक्त तपासून घ्यायचं. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, नवापूर असं करत मंडळी परवा पिंपळनेरला आणि काल धुळ्यात उतरली होती. आज ब्याण्णव किलोमीटर कापून जळगाव गाठायचं, तिथे समारोप, आणि मग ज्याने त्याने आपापल्या घरी.

"तेरसिंगभाऊ, एक गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली होती," हितेंद्र म्हणाला. "कामिनीताई आत्ताच गाडी घेऊन तुमच्या पाड्यावर निघाल्यात. गुंतावहिनींना आणायला. समारोपात दोघांचा सत्कार करायचाय."

पंपाचा दांडा अर्ध्यावरच थांबला.

"तिला कशाला, साहेब? गर्दीत तिला करमत नाही."

"अहो, आईशिवाय कसं चालेल? तुमची गोष्ट तिनेही ऐकायला हवी. तुम्ही काय काम केलंय ते कळू दे की तिला."

हितेंद्र त्याच्या पाठीवर थाप मारून पुढच्या कामाला गेला. तेरसिंगने पंप खाली ठेवला. कामिनीताईंना फोन लावावा, गाडी परत फिरवायला सांगावी, असं त्याच्या मनात आलं. पण सांगायचं काय?

तेरसिंग पंचेचाळिशीचा. चोपड्याच्या उत्तरेला, डोंगर सुरू होतो तिथे त्याचा पाडा. दोन एकर कोरडवाहू जमीन, पावसाळ्यात ज्वारी आणि तूर, उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, आणि वर्षभर आश्रमशाळेत चौकीदारी. माणूस अबोल. पाड्यावर त्याला ओळखत ते ढोलासाठी. लग्नात तेरसिंगचा ढोल नसला तर नाचणाऱ्यांचे पाय उचलत नाहीत, असं म्हणत. त्याला दोन लेकरं, बादल आणि शीतल. बादल लहानपणापासून किडकिडीत. डोळे पिवळे, सारखे हातपाय दुखायचे, थंडी पडली की रडायचा. पोर अशक्त आहे, एवढंच त्यांना वाटे. चार वर्षांपूर्वी अकराव्या वर्षी तो गेला. पुढे आश्रमशाळेत तपासणी झाली, शीतलच्या रक्तात दोष निघाला, मग तेरसिंग आणि गुंताबाई दोघांच्याही रक्तात निघाला, तेव्हा कुठे बादलला काय झालं होतं त्याला नाव मिळालं. ती तपासणी करणाऱ्या कामिनीताई. सफरीत एखादा पावरी बोलणारा हवा म्हणून त्यांनीच तेरसिंगला गळ घातली होती.

पहिला मुक्काम यावलजवळच्या एका पाड्यावर होता. हितेंद्रने त्याची ओळख करून दिली. मूल गेलं हे त्याला माहीत होतं, डांबरी सडकेवरचं आरोग्य केंद्र पाड्यापासून अकरा किलोमीटर लांब आहे हे माहीत होतं, आणि समोर ती काळी सायकल दिसत होती. उरलेलं त्याने मनानेच जोडलं. "याच सायकलवर, मित्रांनो, या बापाने आपल्या तापलेल्या पोराला अकरा किलोमीटर नेलं!"

तेरसिंगला वाटलं, खाली उतरल्यावर सांगू साहेबांना. पण बाया डोळे पुसत होत्या. एक म्हातारा उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवून गेला. आणि लगोलग चाळीस पोरांचं रक्त तपासून झालं. त्या संध्याकाळी त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या गावात माइक त्याच्याच हातात आला. पावरीत बोलता बोलता तो म्हणाला, "मी त्याला कॅरिअरवर बसवलं." पाचव्या गावात बादलचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलेलं होतं आणि सदऱ्यातून ताप लागत होता. शहाद्याच्या पुढे बादल बोलायला लागला. "बाबा, दमलास का रे?" असं विचारायला लागला. नवापूर येईपर्यंत रस्त्यातले खड्डेसुद्धा तेरसिंगला आठवू लागले होते. तेवीस गावांत त्याने हे सांगितलं. सांगताना तो त्या रस्त्यावर असायचा. पोराबरोबर असायचा. आयुष्यात पहिल्यांदा.

खरं असं होतं की त्या दिवशी तो नव्हताच. नदीपलीकडच्या पाड्यावर मामेभावाचं लग्न होतं. सकाळी निघताना गुंताबाई म्हणाली होती, "पोराला ताप आहे. सायकल तरी घरी राहू दे. लागली तर पुनाला चालवता येते." पुना शेजारचा. तेरसिंग म्हणाला, "सांजेला येतो की परत." ढोल कॅरिअरवर बांधला आणि गेला. सांजेला नाचाला रंग चढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परतला तेव्हा हँडलला लग्नातल्या रंगीत झिरमिळ्या होत्या, आणि त्याच्या अंगणात माणसं गोळा झाली होती.

बादलला गुंताबाईने नेलं होतं. पाठीला लुगड्याने बांधून, पायी. केंद्रावरच्या डॉक्टरांनी तेरसिंगला नंतर सांगितलं, "आणलं तेव्हा त्याला जाऊन तास उलटला होता."

त्यानंतर घरात बादलचं नाव निघालं नाही. गुंताबाईने त्याला कधी बोल लावला नाही, आणि त्याने तिला कधी काही विचारलं नाही.

सहाला शिट्टी झाली आणि सायकली महामार्गाला लागल्या. माघातली थंडी होती. कापसाचे ट्रक भरभरून जिनिंगकडे चालले होते आणि त्यांतून उडालेला कापूस रस्त्याच्या कडेच्या बाभळींना अडकलेला होता. रोजच्यासारखा भिकननाना त्याच्या बाजूने चालवत होता. नाना धरणगावचा, शिंपी, साठीला आलेला. पहिल्या दिवसापासून दोघांची जोडी जमली होती. दोघं एका ताटात जेवायचे. तेरसिंगची गोष्ट सुरू झाली की नाना सगळ्यांत मागे जाऊन उभा राहायचा आणि उपरण्यात तोंड खुपसून रडायचा. त्याचाही एक नातू लहानपणी गेला होता.

"आज घर जावाना दिन शे, आन तू तोंड पाडीसन का चालना?" नानाने विचारलं.

तेरसिंग नुसतं पायडल मारत राहिला. पारोळ्याला सगळे चहाला थांबले. टपरीमागे जुन्या टायरांचा ढीग होता, तिथे त्याने नानाला बाजूला घेतलं. नाना आपला माणूस आहे, नानाला कळेल, असं त्याला वाटलं.

"नाना, मी नव्हतो नेलं पोराला."

"कोनता पोऱ्या?"

"बादलला. तिने नेलं. पायी. मी लग्नात होतो, सायकलपण माझ्याकडेच होती."

नानाने चहाचा कप टायरवर ठेवला.

"मंग हाई बठ्ठं खोटं व्हतं? कपाय पाठले टेकेल, पोऱ्या बोलना ते?"

"सुरुवात साहेबांनी केली, नाना. मला नाही म्हणता आलं नाही."

"साहेबनी एक दिन करी. बाकीना बारा दिन तू सांगं." नानाचा आवाज चिरकला. "मी तेवीस गावमा रडनू रे. मना नातू याद करी करी रडनू. माले वाटे, याना पोऱ्या निदान बापनी पाठवर तरी व्हता."

तेरसिंगने हात जोडले. नानाने ते हात खाली केले, पण धरून ठेवले नाहीत.

"आते ती ई ऱ्हायनी ना? तिले काय सांगशी?"

"तेच कळत नाही."

"माले बी नई कयत," नाना म्हणाला आणि सायकलकडे गेला. पारोळ्यापुढे तो एकटाच पुढे निघून गेला. एरंडोलला नाश्त्याला तेरसिंगने त्याच्यासाठी जागा धरली होती. नाना लांबच्या बाकावर बसला.

राहिलेलं अंतर तेरसिंगने सगळ्यांच्या मागे राहून कापलं. गिरणेच्या पुलावर सगळे पुन्हा एकत्र झाले, कारण तिथून पुढे मिरवणूक होती. फटाक्यांची माळ, ढोल-ताशे, फेटे बांधणारा माणूस. हितेंद्रने एका हाताने फोन कानाला धरला होता, दुसऱ्या हाताने तो सायकलींच्या रांगा लावत होता.

"साहेब, दोन मिनिटं बोलायचं होतं."

"आता नको हो, भाऊ. पेपरवाले येऊन थांबलेत."

"मी आज नाही बोलणार स्टेजवर."

हितेंद्रने फोन बाजूला केला. त्याच्या चेहऱ्यावर खरीच माया होती. "कळतंय मला. चौदा दिवस तेच तेच सांगणं सोपं नाही. काही काळजी करू नका, मी सांगतो." आणि स्वतःच्या हाताने त्याने तेरसिंगला फेटा चढवला.

एक वाजता सभागृहात समारोप सुरू झाला. गुंताबाई पहिल्या रांगेत कामिनीताईंशेजारी बसली होती. हिरवं लुगडं, गळ्यात चांदीची हसळी, हात मांडीवर. तेरसिंग स्टेजवर खुर्चीत. त्याने तिच्याकडे बघितलं तेव्हा ती त्याच्या फेट्याकडे बघत होती.

आकडे सांगून झाले. अकराशे बारा तपासण्या. टाळ्या. मग हितेंद्रने आवाज खाली आणला आणि ती गोष्ट सांगायला घेतली. तेवीस वेळा ऐकून त्याला ती तोंडपाठ होती. कॅरिअर, तापलेलं कपाळ, खड्डे, बाबा दमलास का रे. तेरसिंगपेक्षा तो चांगलं सांगत होता. सभागृहात कोणी खोकत नव्हतं. "आणि इकडे घरी," हितेंद्र म्हणाला, "ती माउली उंबऱ्यात बसून वाट बघत होती. सायकलची घंटी कधी वाजते याची वाट. अशा त्या मातेला मी विनंती करतो, की तिने मंचावर यावं."

कामिनीताईंनी तिला हात धरून उठवलं. गुंताबाई पायऱ्या चढून आली. अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. फोटोवाल्याने दोघांना जवळ उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. तिच्या खांद्याला त्याचा दंड लागला तशी ती जराशी सरकली.

तेव्हा तेरसिंग माइककडे गेला. कोणी बोलावलं नव्हतं.

"मी नव्हतो," तो म्हणाला. "मी तिथे नव्हतो. पोराला मी..."

पुढचे शब्द आलेच नाहीत. तो माइकची दांडी धरून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलायला लागले. हितेंद्र धावत आला, त्याने त्याला मिठीत घेतलं आणि दुसऱ्या हाताने माइक धरून लोकांना म्हणाला, "बघा, बापाचं काळीज बघा. एवढं करूनही अजून स्वतःलाच दोष देतो हा माणूस."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मागच्या दारातून भिकननाना उपरणं सावरत बाहेर पडताना तेरसिंगला दिसला.

सामानाचा टेम्पो चोपड्याचा होता. हितेंद्रने ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं, या दोघांना आणि सायकलीला केंद्राजवळच्या फाट्यावर सोड म्हणून. जेवण आटोपून अडीचला टेम्पो निघाला. दोघं मागे हौद्यात, सायकल मधे आडवी. टेम्पो तापीच्या पुलावर आला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि वाऱ्याने पानांच्या चिंध्या झाल्या होत्या.

"गाडीतच कळलं मला," गुंताबाई पावरीत म्हणाली. "ती बाई सांगत होती. तुझं फार कौतुक करत होती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ती रडत होती."

तो खाली बघत राहिला. "मी पहिल्या दिवशीच सांगणार होतो."

"चांगलं झालं, तपासण्या झाल्या. पोरं वाचतील कोणाची तरी. त्याचं मला काही नाही." ती थांबली. टेम्पोचा आवाज मोठा होता, म्हणून तिला जरा मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि ते तिला जड जात होतं. "त्याला जन्म दिला तो सगळ्यांसमोर. वाढवला दोघांनी. पुरलं तेव्हा अख्खा पाडा होता. माझ्या एकटीचं त्याचं काय होतं, तर तो रस्ता. तेवढाच. आणि तोही तू घेतलास."

तेरसिंगने तिचा हात धरायला हात पुढे केला. मधे सायकल होती.

पावणेपाचला टेम्पोने त्यांना फाट्यावर उतरवलं. समोर आरोग्य केंद्राची पिवळी इमारत. गुंताबाईने तिकडे बघितलं नाही. तीनचाकी उभी होती, पण माणसं भरेपर्यंत ती निघणार नव्हती. गुंताबाई चालायला लागली. तेरसिंग सायकल हातात धरून तिच्या मागे. "बस मागे," तो एकदा म्हणाला. तिने मान हलवली.

ऊन उतरत होतं. अर्धा तास गेल्यावर त्याने विचारलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी कुठून गेलीस तू? याच रस्त्याने, की नाल्यातून?"

ती चालतच राहिली. त्याला वाटलं, सांगणार नाही. मग तिने हाताने दाखवलं.

"नाल्यातून. आडवाट जवळ पडते म्हणून. पण तिथे पाणी होतं, मग परत वर आले. तिथे उगाच वेळ गेला." थोडं पुढे एक मोरी होती. "इथे त्याला उतरवला. पाणी पाजलं. गाठ सैल झाली होती, परत बांधली." मग मोहाच्या झाडांपाशी. "इथे पुनाची आई भेटली, मोळी घेऊन. म्हणाली, मी येते सोबत. मी म्हटलं, नको, तू घरी शीतलकडे जा." ती सगळं साध्या आवाजात सांगत होती, एखाद्या परक्या बाईला वाट दाखवावी तशी. आणि त्यांची चाल उलटी होती, केंद्राकडून घराकडे, त्यामुळे जे शेवटी घडलं ते आधी येत होतं, आणि बादल हळूहळू जिवंत होत चालला होता.

तेरसिंगच्या ते लक्षात आलं तेव्हा तो थांबला.

"बोलत होता का तो?"

"हो. सुरुवातीला."

"काय बोलत होता?"

गुंताबाईने शालीचं टोक हातात घट्ट धरलं. "नको विचारू."

"सांग."

"मागे बघायचा. दर वळणाला. म्हणायचा, आई, थांब जरा, बाबा सायकल घेऊन येतोय बघ." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मी दोनदा थांबलेसुद्धा."

तेरसिंगच्या हातातून सायकल सुटली आणि रस्त्यावर आडवी पडली. तो तिथेच धुळीत बसला. तोंड उघडं राहिलं होतं आणि आत जाणारा श्वास बाहेर येत नव्हता. गुंताबाई उभी होती. चार वर्षं तिने हे त्याच्यापासून झाकून ठेवलं होतं. आता सांगून तिला हलकं वाटलं का, तेही तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. थोड्या वेळाने ती त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली बसली.

"मोरीच्या आधी की नंतर?" तो म्हणाला. "तो गेला... ते तुला कुठे कळलं?"

"कळलं मला," ती म्हणाली. "कुठे, ते मी कोणाला सांगणार नाही. तुला पण नाही."

तो मान हलवत राहिला.

दोन दिवसांनी मोबाइलला रेंज मिळते त्या टेकडीवर चढून त्याने हितेंद्रला फोन केला आणि सगळं सांगितलं. मग हितेंद्र म्हणाला की पेपरात आलंय ते आलंय, पण अहवाल अजून छापखान्यात आहे, तो एवढं पान बदलून घेईल. त्याने ते बदललं. नव्या पानावर होतं, आईने अकरा किलोमीटर पायी नेलं. बादलचं नाव छापताना बाळू झालं होतं. भिकननानालाही तेरसिंगने दोनदा फोन लावला. घंटी वाजून वाजून थांबली.

पण त्या संध्याकाळी अजून सहा किलोमीटर बाकी होते. गुंताबाई आधी उठली. तिने वाकून सायकल उभी केली, हँडल त्याच्याकडे दिलं आणि चालायला लागली. वाटेतल्या एका पाड्यावर घराघरांतून चुलींचा धूर निघायला लागला होता. पुढची सारी वाट तो तिच्या मागेच चालला. गुंताबाई मधूनच एखाद्या ठिकाणी पावलं हळू करायची, आणि तेरसिंगही तिथे हळू व्हायचा, काही न विचारता.